तांबड्यांचा अहवाल

१२ मे

आज मी डुकराचं वीर्य मायक्रोस्कोपखाली पाहिलं. हे वाक्य घरात मोठ्याने म्हणायची सोय नाही, म्हणून ही वही काढली.

नऊ वर्षं रक्त-लघवी तपासली. ती लॅब बंद पडली, चार महिने घरी बसले, आणि आता वराह पैदास केंद्रात तंत्रज्ञ. इथे तीन जातींचे नर आहेत. लार्ज व्हाइट आणि लँडरेस हे पांढरे. त्यातल्या लँडरेसचे कान डोळ्यांवर ओढलेल्या टोपीसारखे. तिसरा ड्युरोक, भाजक्या विटेच्या रंगाचा. त्यांचं वीर्य गोळा करायचं, तपासायचं, पातळ करून बाटल्यांत भरायचं आणि माद्या पाळणाऱ्यांकडे पाठवायचं. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते म्हणाले, "मॅडम, तीन जातींना जागा पुरत नाही. पाच-सहा आठवडे मोजा आणि कुठली कमी पडते ते लिहून द्या. ती काढू."

मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो.

गोळा करायचं काम मामांचं. साठीला टेकलेत, सगळ्यांचेच मामा. नर लोखंडी डमीवर चढतो आणि मामा शेजारी बसून, हातमोजा घातलेल्या हाताने, थर्मासच्या मगात गोळा करतात. तोंडाने त्याच्याशी गप्पा चालू. "चला राजे, घाई नाही, आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" सात-आठ मिनिटं चालतं. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले.

मामा म्हणाले, "ताई, त्यालाही तुमच्यामुळं अवघडल्यासारखं होतंय."

१५ मे

लार्ज व्हाइटने अडीचशे मिली दिलं, ड्युरोकने जेमतेम सव्वाशे. मी लाल पेनने 'कमी' लिहिलं. मग मोजलं तर ड्युरोकचं दुपटीने दाट. म्हणजे कमी की जास्त? लाल खोडलं. मामा म्हणाले, "तांबडा थोडकं देतो, पण सायीसारखं देतो."

पण काचपट्टीखाली वेगळंच. शंभरातले सत्तर तरी शुक्रजंतू सरळ पळायला हवेत. पांढऱ्यांचे ऐंशी पळतात, तांबड्यांचे पंचेचाळीस. उरलेले जागच्या जागी थरथरतात, कित्येकांच्या शेपट्या मुडपलेल्या. पाचही तांबडे सारखेच.

घरी सासूबाईंनी विचारलं, "तिथे नक्की काय तपासतेस?"

"जनावरांचं."

"म्हणजे शेण?"

"तसंच काहीसं."

त्यांना बरंच हायसं वाटलेलं दिसलं.

२२ मे

आठवडाभर नाना उपाय केले. काचपट्ट्या कोमट करण्याचं यंत्र बदललं, थर्मामीटर दुसऱ्याशी ताडून पाहिला, एक नमुना तीनदा मोजला. तांबडे पंचेचाळीसवरून हलत नाहीत. एक तर बेचाळीसवर आला. जातच कच्ची असावी. पण मग ही जात जगभर पाळतात कशाला?

जेवताना हे नवऱ्याला सांगत होते. तो बेकरीत भट्टीवर असतो; पहाटे चारला जातो, दहा तास तिच्या तोंडासमोर उभा. घरी येतो तेव्हा भुवया भाजलेल्या आणि मानेवर घामोळं. एरवी माझ्या नोकरीबद्दल तो फार विचारत नाही. आज घास हातात धरून ऐकत होता.

"माणसाचंही असंच बघतात का?"

"हो. हाच मायक्रोस्कोप, हीच पट्टी."

"आणि कळतं लगेच?"

"दहा मिनिटांत."

मग तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. पाणी वाया घालवू नकोस म्हणून मी ओरडले.

२९ मे

मामांचा तांबड्यांवर जीव. त्यातल्या थोरल्याला ते नुसतं 'तांबड्या' म्हणतात, बाकीच्यांना क्रमांकाने. आज मी म्हटलं, "मामा, तुमच्या लाडक्यांचं काही खरं नाही."

ते म्हणाले, "त्यांचे फार हाल झाले ओ. एप्रिलअखेर त्यांच्याच शेडचे पंखे जळाले. वर पत्रा. दहा-बारा दिवस नुसते धापा टाकत होते, मी बादल्यांनी पाणी मारायचो."

"आता चालू आहेत ना पंखे?"

"आता आहेत."

"मग झालं की," म्हटलं, आणि पुढचा मग घेतला.

६ जून

आज हा बेकरीत गेलाच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून दहाला बाहेर पडला, दीडला परत आला. "सुट्टी घेतली होती." कशाला? "सहज." आठ वर्षांत या माणसाने सहज सुट्टी घेतलेली मला आठवत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता.

विचारलं तर म्हणाला, "मित्राकडे काम होतं." मित्राचं नाव विचारलं तर म्हणाला, "तू ओळखत नाहीस." मी त्याचे सगळे मित्र ओळखते. तीनच आहेत.

१३ जून

जेवताना पुन्हा तांबड्यांची चौकशी. आता रोजच करतो. मला बरं वाटतं, निदान एक विषय मिळाला. आज विचारलं, "जे खराब निघतात त्यांचं काय करतात?"

"काढून टाकतात."

"म्हणजे?"

"खाटकाकडे जातात. नुसतं खायला घालून कोण ठेवणार? नर आहे कशासाठी?"

त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं. इतका हळवा आहे हे मला माहीत नव्हतं. मांस तर मिटक्या मारत खातो.

१७ जून

सासूबाईंनी आज पुन्हा तोच, मुलाचा विषय काढला. कुणाच्या तरी सुनेला नव्या डॉक्टरच्या औषधाने दिवस गेले, मी तिथे का जात नाही? माझ्या सगळ्या तपासण्या तीन वेळा झाल्यात, सगळ्या ठीक आहेत. हे सांगितलं की त्या म्हणतात, "ठीक असतं तर झालं नसतं का?" त्याची तपासणी करू म्हटलं की म्हणतात, "त्याला काय धाड भरलीये?" आठ वर्षं हाच गोफ विणतोय. मी एका कानाने ऐकते, दुसऱ्या कानाने सोडते. मध्ये कुठेतरी अडकतं ते अडकतंच.

आज मात्र हा ताडकन उठला. "पुरे झालं, आई! तिला एक शब्द बोलायचा नाही यापुढे." त्या बघतच राहिल्या. मीसुद्धा.

मी त्याच्या मागे गॅलरीत गेले. वाटलं, आता हात हातात घेईल. तर कठड्याकडे बघत म्हणतो, "तू दुसऱ्या कुणाशी लग्न केलं असतंस तर सुखी झाली असतीस."

हे काय बोलणं झालं? हे बायकोची बाजू घेणं आहे, की तिला दार दाखवणं?

२० जून

साहेबांकडे अहवाल दिला. पंधरा नर, शहाण्णव नमुने. लार्ज व्हाइट उत्तम, लँडरेस उत्तम, ड्युरोक दाट पण कमजोर, सरासरी चव्वेचाळीस. शेवटी एक ओळ: 'ही जात या केंद्राला उपयुक्त नाही असे दिसते.' 'दिसते' लिहिताना थोडी अडखळले. साहेबांनी ती ओळ वाचली आणि वर बघितलंच नाही.

मामांना अजून सांगितलेलं नाही.

२१ जून

थोरल्या बहिणीला, ताईला, फोन केला. सगळं सांगितलं: इस्त्रीचा शर्ट, नाव नसलेला मित्र, दुसऱ्या लग्नाचं बोलणं, फोन आला की बाहेर जाऊन बोलणं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, हे तर लख्ख आहे. लक्ष ठेव."

मला लख्ख काहीच दिसत नाहीये. ज्याच्या अंगाला कायम पावाचा वास येतो, ज्याच्या भुवया अर्ध्या जळल्यात, त्याच्यावर कोण भाळणार? मग वाटलं, मी नव्हते का भाळले?

२४ जून

आज ट्रक आला. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. पहिल्या खेपेत दोन तांबडे नेले, तीन आणि पाच क्रमांक. बाकीचे तिघे पुढच्या आठवड्यात. मामा फळीवरून त्यांना वर चढवत होते, तेच नेहमीचं बोलत. "चला राजे, घाई नाही." ट्रक गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"ताई, कागदावर काय लिहिलंत ते मला वाचून दाखवाल?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि शेड धुवायला गेले.

२७ जून

तिमाही तपासणीला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, खड्या आवाजाच्या, गमबुटातच चहा पिणाऱ्या. मी कौतुकाच्या अपेक्षेने त्यांना अहवाल दाखवला. त्यांनी शेपट्यांचे आकडे दोनदा वाचले.

"यांना ताप येऊन गेला होता का?"

"नाही."

"उन्हाचा त्रास? गरम जागा?"

मग पंख्यांचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "अगं बाई, शुक्रजंतू तयार व्हायला दीड महिना लागतो. आज पट्टीवर बघतेस ते आजचं नसतं. अंडकोष तापले की तेव्हा बनणारा माल बिघडतो आणि तो बाहेर यायला पुढे आठवडे लागतात. तू जात नाही मोजलीस. तू एप्रिल मोजलास."

"मग सुधारतं?"

"जागा थंड ठेव, वाट बघ. बहुतेक सुधारतं. सगळ्यांचं नाही, पण बहुतेकांचं."

मी स्वच्छतागृहात जाऊन बसले. तीन आणि पाच. मामांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याभरापूर्वी, आणि मी 'मग झालं की' म्हटलं होतं.

२८ जून

साहेब: "आधी तुम्हीच लिहिलंत, आता तुम्हीच खोडताय?"

मी: "हो."

साहेब: "गेलेल्या दोघांचं काय?"

मी: "ते माझ्यामुळे गेले. तेही लिहून देते."

साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. खुर्ची मागे-पुढे केली, पेनचं टोपण काढलं, लावलं. शेवटी म्हणाले, जुलैअखेरपर्यंत ट्रक थांबवतो. बाहेर आले. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "तीन नंबर कानामागं खाजवलं की डोळे मिटायचा." एवढंच. मला रडूही येईना.

२९ जून

घरी याला सगळं सांगितलं. मन मोकळं करायला दुसरं आहे कोण? ताई म्हणते लक्ष ठेव, पण लक्ष ठेवायचं आणि बोलायचंही त्याच माणसाशी, म्हणजे पंचाईत.

पंख्यांवर तो थांबला. "परत सांग."

परत सांगितलं. उष्णता, दीड महिना, वाट बघणं.

"म्हणजे जातीत खोट नव्हती?"

"नव्हती."

"थंड जागेत ठेवलं की सुधारतं? कुणाचंही?"

"बहुतेकांचं, असं त्या म्हणाल्या."

तो उठला, खिडकी उघडली आणि तिथेच उभा राहिला. पाठमोरा होता. खांदे हलत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, तांबड्याचं वाईट वाटलं. दोन डुकरांसाठी रडणारा नवरा मला मिळालाय आणि मी त्याच्यावर संशय घेतेय.

३ जुलै

आता हद्द झाली. याने भट्टी सोडली! मालकाला सांगून पुढे दुकानात गल्ल्यावर बसतो. बारा वर्षं ज्या भट्टीला कुणाला हात लावू दिला नाही, ती सोडली. सासूबाई म्हणतात, कुणी नजर लावली. मला दुसराच विचार येतो: गल्ल्यावर दिवसभर बायका येतात.

वर गारेगार पाण्याने अंघोळ काय, सैल पायजमे काय. रोज इस्त्रीचा शर्ट.

१८ जुलै

तांबड्या: चौऱ्याहत्तर! दोन नंबर: एकाहत्तर. चार नंबर अजून अठ्ठावन्नवरच अडून आहे. मी मामांना बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. इतकी वर्षं थर्मासचे मग भरले, आत काय असतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. खूप वेळ वाकून राहिले.

"केवढी गर्दी ओ," म्हणाले. "आणि सगळ्यांना घाई."

साहेबांनी नवा अहवाल फाइलला लावला. जुना त्याच्याखाली तसाच ठेवा, असं मीच सांगितलं.

९ ऑगस्ट

आजचं सगळं लिहून ठेवते.

सासूबाई देवळात गेल्या होत्या. हा गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होता. "हो, ऑक्टोबरमध्ये येतो… नाही, तिला अजून सांगितलं नाही." हे ऐकलं आणि दोन महिने गिळलेलं सगळं वर आलं. फोन ठेवायची वाटही बघितली नाही.

"कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"जिला ऑक्टोबरमध्ये भेटणार आहेस ती!"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी दुसऱ्या भाषेत बोलतेय. मग आत गेला, कपाटातली वीजबिलांची फाइल काढली आणि त्यातून घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

"तूच वाच. तुला कळतं. मला फक्त 'कमी' एवढंच कळलं."

वीर्यतपासणी. तारीख सहा जून. मिलीला चाळीस लाख. दीड कोटी तरी हवेत. शंभरातले अठरा हलतात. शेपट्या मुडपलेल्या.

मी असे कागद दिवसाला दहा लिहिते. हा एक वाचता येईना.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "तेरा जूनला. त्याआधी तुला विचारलं, खराब निघतात त्यांचं काय करतात."

त्याला तारीख पाठ होती. मी वही काढून ते पान वाचलं. 'नर आहे कशासाठी?' माझ्याच अक्षरात. खाली मिटक्यांचा विनोदसुद्धा केलाय. सगळं लिहून ठेवलं होतं मी, एकही दिवस चुकला नव्हता, आणि मला काहीही दिसलं नाही.

मी त्याला म्हटलं, मी डुकरांबद्दल बोलत होते रे. तो म्हणाला, माहीत आहे.

मग दोघेही जमिनीवर बसलो. त्याला सांगितलं की एका तपासणीवर काही ठरत नाही, माणसाला तीन महिने लागतात, डॉक्टरांनीही तेच सांगितलं असणार. त्याने भट्टी त्याचसाठी सोडली होती, तुझ्या पंख्यांमुळे, म्हणाला. ताईने लख्ख म्हटलं होतं तेही मी सांगितलं. त्यावर तो इतका हसला की उचकी लागली.

"बाई? माझ्यावर? भुवया बघ माझ्या."

आल्या आहेत परत, महिन्याभरात. मी आज नीट बघितल्या.

६ ऑक्टोबर

दवाखान्यात दुसरा कागद मिळाला. त्याने न उघडता पाकीट माझ्यापुढे धरलं. एक कोटी दहा लाख. चौतीस हलतात. अजून उंबरठ्याच्या अलीकडेच. पुढे काय, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणखी तीन महिने बघू म्हणाले.

"सांग ना."

"कमी आहेत अजून," मी म्हटलं. "पण पळतायत."

त्याने आकडा विचारला नाही. रस्त्याने घरी येईपर्यंत दोनदा म्हणाला, "पळतायत म्हणे."

७ ऑक्टोबर

मी त्याला सासूबाईंना सांगायला लावलं नव्हतं, उलट नको म्हणत होते. सकाळी चहाला त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, तपासणी केली मी. अडचण माझ्याकडे आहे. हिच्याकडे कधीच नव्हती." आणि दुकानात निघून गेला. पुरुषांना हे बरं जमतं, बॉम्ब टाकून कामावर जाणं.

सासूबाई खोलीत जाऊन बसल्या. आज माझी सुट्टी. मी गॅलरीत चादरी धूत होते. तासाभराने दाराशी आल्या.

"मग आठ वर्षं मी कोणाला बोलत होते?"

खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. मी या दिवसासाठी शंभर उत्तरं तयार करून ठेवली होती, त्यातली काही फार छान होती. ऐन वेळी मी फक्त चादर बादलीत बुचकळली.

त्यांनी पदर खोचला, बादलीतली जड चादर उचलली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ती पिळली.